आपोआप कायबी व्हत न्हाई

लोकांचे फॉर्म भरून देण्यात परभणीत माझा हात कुणी धरत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकल्यावर कुणाला ही फुशारकी वाटायची नाही. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, पीकविमा, गॅसच्या कार्डावरचं नाव बदलणं, काहीही आणा. माणूस समोरच्या स्टुलावर बसायचा, खिशातून घामानं मऊ झालेले कागद काढायचा आणि म्हणायचा, "परल्हाद, तूच बघ बाबा, आमाला यातलं काय कळतंय." मी वाचून दाखवायचो, तो मान हलवायचा, मी बटण दाबायचो. एकाचाही फॉर्म माझ्या चुकीनं परत आला नाही.

एकाच माणसाला मी चुकीचं वाचून दाखवलं. चुकून नाही, जाणूनबुजून. आणि तो माणूस माझ्याच दुकानात, माझ्यापासून चार हातांवर बसत होता. दादाराव त्याचं नाव.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका शटरचं दुकान. उजव्या अंगाला माझं झेरॉक्स मशीन आणि फॉर्मचं टेबल, डाव्या अंगाला दादारावमामांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. आमच्याकडं आपल्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस मामाच असतो. मी दुकानात आलो तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचा होतो, ते पंचेचाळिशीच्या पुढचे.

उंच, किडकिडीत माणूस. धंदा सगळा धुळीचा आणि अंगात मात्र कायम पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. संध्याकाळपर्यंत त्या शर्टाचं पोतेरं व्हायचं. मी एकदा म्हटलं, "मामा, खाकी घाला की. मामीला रोज किती धुवायला लावायलाव?"

"मामी कशाला धुतीय? मी धुतो. आन् पांढऱ्यावर घाण दिसती बाबा. दिसली की धुता येती. खाकीवर काय, महिना महिना अंगावर वागवत बसावं."

वरच्या खिशात पेन नसायचं. एक दाढीचा ब्रश आणि एक खोडरबर. स्वतःची दाढी रविवार ते रविवार, पण ब्रश रोज हातात. ब्रशनं मशीनच्या आतली धूळ झाडायची आणि खोडरबरानं रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात घासायचे. निम्मी मशीनं एवढ्यावरच चालू व्हायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "एवढंच?" मामा म्हणायचे, "एवढंच हुतं." दुसऱ्या कुणी त्याच मशीनला मोठा आजार सांगून चार दिवस ठेवून घेतलं असतं. एखादा भाग बदललाच, तर जुना भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे आणि पिशवी हातात द्यायचे. गिऱ्हाईक गोंधळायचं, "मी काय करू ह्याचं?" "कायबी करा. तुमचा हाय. आतलं काढलं की मालकाला दावावं."

हे सगळं त्यांच्या उस्तादांचं शिक्षण. ताडकळसहून दहावी नापास होऊन परभणीला आले, तेव्हा एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याच्या हाताखाली बसले. पुढं उस्ताद गेले, रेडिओ गेले, टीव्हीसुद्धा लोक दुरुस्त करून घेईनासे झाले. मामांनी एक बंद पडलेला कॉम्प्युटर आणून उघडला, दोन दिवस नुसता बघितला आणि म्हणाले, "ह्येबी तेच हाय. फकस्त गाणं म्हणत न्हाई." उस्तादांची दखनी मात्र तोंडात राहिली. मशीन टेबलावर आलं की पहिला सवाल, "काय हाल हायत?" आणि बिघाडाला ते कधी बिघाड म्हणायचे नाहीत, 'मर्ज' म्हणायचे.

टेबलासमोर एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती, एक हात तुटलेली. मशीन ठेवून पसार व्हायची सोय नव्हती. आधी खुर्चीत बसायचं आणि मशीनचे हाल सांगायचे. आता, जगाच्या पाठीवर कुठलंही गिऱ्हाईक घ्या, ते एकच वाक्य सांगतं: "कायबी केलं न्हाई हो, आपोआप बंद पडलं." हे ऐकलं की मामा हातातला पेचकस, स्क्रू काढायचा तो, टेबलावर ठेवून द्यायचे. हळूच विचारायचे, "आपोआप?"

बस्स. पुढं अक्षर नाही. चष्म्याच्या वरून बघत बसायचे. रागानं नव्हे हां. पाहुणा जेवायला बसलाय आणि तो आणखी काही मागतो का, अशी वाट बघितल्यागत बघायचे. चहा यायचा, चहा व्हायचा. गिऱ्हाईक खुर्चीत चुळबुळ करायचं, रस्त्याकडं बघायचं, आणि शेवटी खरं काय ते ओकायचं. पोरानं पाणी सांडलं. बायकोच्या रागात वायर उपसली. मग मामा म्हणायचे, "आपोआप कायबी व्हत न्हाई," आणि पेचकस उचलायचे. खरं कानावर पडल्याशिवाय त्यांनी पेचकस उचललेला मी दुकानातल्या इतक्या वर्षांत बघितला नाही. मी कुरकुर करायचो, की मामा, उघडलं की कळतंयच तुम्हाला, मग हा कोर्टकचेरीचा खेळ कशाला? तर म्हणायचे, "मला कळून काय उपेग? त्याच्या तोंडातून निघालं म्हंजी पुन्यांदा करत न्हाई."

मानवतचा एक कापसाचा व्यापारी मला आठवतो. गाडीत घालून मशीन आणलं, खुर्चीत ऐसपैस बसला. "मिस्त्री, आपोआप बंद पडलं."

"आपोआप?"

चहा झाला. व्यापाऱ्यानं पान खाल्लं. मग म्हणाला, "म्हंजी, दसऱ्याला पूजा केली हुती मशीनची."

"चांगलं केलं."

"हळदकुंकू वाह्यलं."

"बरं."

"नारळ फोडला."

"कुठं फोडला?"

व्यापारी चपलेकडं बघत म्हणाला, "त्याच्यावरच."

मी झेरॉक्स मशीनमागं डोकं घालून हसत होतो. मामा हसले नाहीत. पेचकस उचलला, झाकण काढलं. आत पिंजलेल्या कापसाची पातळ गादी, त्यावर नारळाच्या पाण्याचा चिकटा आणि मधोमध कुंकू. सगळं ब्रशनं साफ करता करता म्हणाले, "पूजा बाहीरून करत जावा शेटजी. आतल्या देवाला पाणी चालत न्हाई." व्यापारी गेल्यावर मी पोट धरून हसलो आणि विचारलं, तुम्हाला हसू कसं आलं नाही? म्हणाले, "खरं सांगणाऱ्याला हसू न्हाई. पुन्यांदा सांगायचा न्हाई मग त्यो."

त्या खुर्चीत मीही एकदा बसलोय. मामा जेवायला गेले होते आणि पूर्णेच्या एका गुरुजींचं मशीन टेबलावर होतं. मला शेजारी बसून बसून अर्धं काम येत होतंच, म्हटलं, आपणच चालू करून मामांना चकित करावं. मशीनच्या पाठीला एक लहानसं लाल बटण असतं, विजेचा दाब कमी-जास्त करायचं. ते उगाच सरकवलं आणि प्लग लावला. फाट्‌कन आवाज झाला, धूर निघाला, जळका वास गल्लीभर पसरला. मामा आले, नाक वर करून वास घेतला. मी म्हणालो, "मामा, लाईटचा झटका आला वाटतं. आपोआप उडालं."

"आपोआप?"

मी त्या हात तुटलेल्या खुर्चीत दोन मिनिटंसुद्धा टिकलो नाही. "लाल बटण मीच सरकवलं," म्हणालो. मामांनी पेचकस उचलला. संध्याकाळी गुरुजी आले. आता माझं नाव निघणार म्हणून मी पाठ करून कागद लावत बसलो. मामा म्हणाले, "गुरुजी, तुमचं मशीन आमच्या हातानं जळालं. विजेचा दुसरा डबा बसवलाय. जळालेला ह्या पिशवीत हाय, बघून घ्या." आमच्या हातानं म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी घरी जाताना मला इतकं हलकं वाटलं होतं की सायकल आपली आपण चालल्यागत चालली. खरं बोलायला फारसं काही लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळून काय दिवे लावले, ते आता सांगतो.

मामांचं एकच दुखणं होतं, इंग्रजी. दहावीला दोनदा बसले, दोन्ही वेळा इंग्रजीतच गेले. पडद्यावरच्या इंग्रजी सूचना ते आकारावरून ओळखायचे. "ती तीन ओळींची आली का? मग डिस्क गेली." कधी चुकायचे नाहीत. पण सरळ वाक्य पुढ्यात आलं की कागद माझ्याकडं सरकवायचे आणि उगाच चष्मा पुसायला लागायचे.

गावाबाहेरच्या एका कॉलेजची सगळी मशीनं दहा वर्षं मामाच बघत होते. एक दिवस तिथल्या प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मामा परत आले ते पिशवी खाली न ठेवताच उभे राहिले. "परल्हाद, साहेब म्हणले, पुढच्या साली लॅबमधी एक जागा भरायची हाय. काम तुमचंच हाय म्हणले. फकस्त एक मान्यतेचं सर्टिफिकीट आणा, तुमचं नाव घालायला मला कागद पाहिजे म्हणले." मग पहिल्यांदाच ते माझ्या बाजूला आले आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

"माझा बाप दुसऱ्याच्या रानात राबून मेला," ते म्हणाले. "ताडकळसला गावाबाहीर आमच्या वाड्यात कुणालाच जमीन न्हाई. बाप म्हणायचा, दादाराव, जमीन न्हाई तर न्हाई, कागद तरी पाहिजे. कागदाबिगर आपल्याला कुणी बस म्हणत न्हाई. माझा तेवढा कागदच मिळवायचा राह्यला बाबा. तू शिकलेला हायस. कोणतं सर्टिफिकीट घेऊ, तूच बघून सांग."

माझं काय चाललं होतं तेही सांगतो. सबब म्हणून नाही, सबब नाहीच. आमच्या घरी बारा एकर काळी जमीन, वडिलांना गावात मान. पण माझं लग्न जमत नव्हतं. मुलीचे बाप जमिनीचं नंतर विचारायचे, आधी नोकरीचं. सहा ठिकाणांहून नकार. शेवटच्या स्थळाचे वडील दुकान बघायला आले, झेरॉक्स मशीनवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तात्पुरतंच आहे ना?" आई त्या रात्री जेवली नव्हती. आणि मामा स्टुलावर बसून जागेचं सांगत होते तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती, की लॅबमधली जागा, पगारी, आणि काम तर मलाही येतं.

मी नेटवरून चार पानं काढली. मामांनी चष्मा पुसला.

"पहिलं ह्ये परदेशी. संभाजीनगरला जाऊन संगणकावर परीक्षा, सगळं इंग्रजी."

"ऱ्हाऊ दे."

"दुसरं आयटीआय. रोज हजेरी, दीड-दोन वर्षं."

"मी वर्गात बसलो तर कॉलेजची मशीनं कोण बघंल? पुढचं सांग."

"तिसरं आपल्याच गावातला क्लास. सहा महिने, संध्याकाळी. मराठीत शिकवतेत. सोनेरी शिक्का असतोय."

"आन् ह्ये?" त्यांनी चौथ्या पानावर बोट ठेवलं.

ते चौथं पान सरकारी परीक्षेचं होतं. ज्यांना काम आधीपासून येतं, पण कागद नाही, अशांसाठीच. वर्ग नाही, हजेरी नाही. एक छोटी लेखी, एक प्रात्यक्षिक, आणि मिळालेला कागद सगळीकडं मान्य. कुणी दादारावमामांना समोर बसवून ती परीक्षा आखली असती तरी इतकी मापात बसली नसती. पान इंग्रजीत होतं. खालच्या एका ओळीत लिहिलं होतं, परीक्षेचं माध्यम: इंग्रजी किंवा मराठी. माझा अंगठा त्या ओळीवर होता.

"हे चांगलंय मामा," मी म्हणालो, "पण इंग्रजीत आहे."

"समदं?"

"समदं. लेखीबी आणि प्रात्यक्षिकाचा कागदबी."

मामा त्या पानाकडं बघत राहिले. त्यांनी मला 'आपोआप?' असं विचारावं असं काही त्यात नव्हतंच. मशीन घेऊन येणाऱ्यावर ते शंका घ्यायचे, वाचून दाखवणाऱ्यावर कधी नाही. वाचणं माझं काम होतं ना. मग हसले आणि म्हणाले, "मग ही तू दे. तुला येतंय इंग्रजी. वाया कामून घालवायची?" आणि सोनेरी शिक्क्याचं पान उचललं. "ह्ये कॉलेजात चालंल का?"

"चालेल की," मी म्हणालो. चालणार नाही हे मला ठाऊक होतं.

किती साधं काम होतं बघा. शिवी नाही, भांडण नाही, कुणाच्या तोंडचा घास हिसकावून पळालो असंही कुणी म्हणणार नाही. एक अंगठा उचलायचा होता, तो उचलला नाही.

सहा महिने मामा संध्याकाळी त्या क्लासला गेले. शेवटच्या बाकावर बसायचे. वही घातली होती, तिला खाकी कव्हर. दुकानात आल्यावर मला वाचून दाखवायचे, "मदरबोर्ड हा संगणकाचा कणा होय." ज्या माणसानं शेकडो मदरबोर्ड हाताखालून घातले, तो हे वाक्य पाठ करत होता. तिथल्या मास्तरांचंच मशीन बंद पडलं की ते म्हणायचे, "दादारावांना बोलवा." मामा ते सांगताना लाजायचे, पण सांगायचे रोज. त्या सहा महिन्यांतल्या कुठल्याही दिवशी मला तोंड उघडता आलं असतं. मामा, ते सोडा, ती सरकारी मराठीतबी आहे, माझ्या वाचण्यात चूक झाली, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चूक झाली म्हणायला काय जातंय? पण आज सांगू, उद्या सांगू करता करता मी त्यांच्या वहीचे झेरॉक्ससुद्धा काढून दिले.

आणि याहून वाईट सांगतो. माझ्या परीक्षेची तयारी त्यांनी करून घेतली. रोज एका जुन्या मशीनमध्ये काहीतरी बिघाड करून ठेवायचे आणि म्हणायचे, "हुडक मर्ज." मी चुकलो की माझा हात धरून दाखवायचे. परीक्षेला गेलो तेव्हा फॉर्मवर माध्यमाचे दोन चौकोन होते. मी मराठीवर खूण केली. माझं इंग्रजी फॉर्म वाचण्यापुरतंच होतं, ते कुठं परीक्षेला पुरतंय.

मामांचं सर्टिफिकेट आलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. फ्रेम करून घेतली. कॉलेजात दाखवायला निघाले तेव्हा शर्टाला इस्त्री होती. तासाभरात परत आले. फ्रेम टेबलावर ठेवली, ब्रशनं तिच्यावरची नसलेली धूळ झाडली. "चालत न्हाई म्हणायलेत. हा शिक्का यादीत न्हाई." मी वाट बघत होतो. आता पेचकस खाली ठेवतील, आता विचारतील. विचारलं असतं तर मी ओकलो असतो, असं मी स्वतःला पुढं कैक वर्षं सांगत आलोय. पण ते म्हणाले, "तुझं बसतंय न्हवं यादीत? मग तू टाक अर्ज. जागा बाहीरच्याला कामून जाऊ द्यायची?" प्राचार्यांना माझं नावही त्यांनीच जाऊन सांगितलं.

जागा मला मिळाली. लग्न जमलं. लग्नाला पहिला माणूस आला तो दादारावमामा, पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर त्यांच्या अक्षरात 'प्रल्हाद'. आत नवा पेचकस. बायको आजही विचारते, ते मामा आता येत का नाहीत? मी म्हणतो, त्यांचं वय झालंय. खरं तर मीच जात नव्हतो. बसस्टँडला जायचं असलं तरी मागची गल्ली टाळून लांबून फिरून जायचो. आठ वर्षं एका गल्लीला भिऊन काढली मी. काय म्हणावं याला?

गेल्या हिवाळ्यात तीच सरकारी परीक्षा आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवली. मशीनं मांडणं, कागद वाटणं माझ्याकडं. आदल्या दिवशी यादी आली, आणि तिच्यात मधेच दादारावमामांचं नाव. रजा टाकावी असंच मनात आलं. पण मांडणार कोण, म्हणून गेलो.

मामा सगळ्यांच्या आधी आले होते. केस पांढरेफेक, चष्म्याला दोरी, शर्ट तोच. "नमस्कार सर," म्हणाले.

"मामा, मला सर काय म्हणायलाव?"

"हितं सरच की. दुकानात परल्हाद." आणि हसले. "ताडकळसची शाळा हाय न्हवं, माझी. तिथली मशीनं मी बघायलोय दर म्हैन्याला, फुकट. आता नवे हेडमास्तर म्हणायलेत, फुकट असलं तरी कागदाबिगर हात लावू देता येत न्हाई. म्हणलं, देऊन बघावी. एका पोरीनं भरला फॉर्म, मी नुसती सही केली."

ते पास झाले, हे इथंच सांगून टाकतो. शाळेची मशीनं आता तेच बघतात असं कानावर आलंय. मी विचारायला गेलेलो नाही.

लेखी दुपारी होती. सकाळच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाच्या पुढं एक बंद पडलेलं मशीन, हत्यारं आणि एक कागद. हत्यारं कमी पडली म्हणून मी माझा पेचकस आणून ठेवला होता, लग्नातला. तो नेमका त्यांच्या टेबलावर गेला. परीक्षक लॅबच्या पलीकडच्या टोकाला हजेरी बघत होते. मामांनी कागद उचलला, बोट ओळीखालून सरकवत, ओठ हलवत वाचायला लागले. 'समोरील संगणक सुरू होत नाही. दोष शोधून दुरुस्त करा व केलेले काम परीक्षकांस सांगा.' वाचून झालं. परत पहिल्या ओळीवर आले. मग कागद उलटला. मागं तेच इंग्रजीत होतं. पुन्हा सुलट केला.

"मराठीतबी असती व्हय ही?"

"हो, मामा."

"कवापास्नं?"

आठ वर्षं ज्या प्रश्नाला भीत होतो तो इतक्या हळू आवाजात आला. लॅबमध्ये कुणाचं आमच्याकडं लक्षही नव्हतं. पहिल्यापासून म्हणायचं, माफ करा म्हणायचं. तीनच शब्द होते.

"यंदापासून," मी म्हणालो. "यंदाच सुरू झालंय."

मामांनी मान वर केली. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं.

"आपोआप?"

रागानं नाही. तसंच, वाट बघत. ते खुर्चीत होते आणि मी उभा होतो, एवढाच काय तो फरक. त्यांना ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते आणि घाई कसलीच नव्हती. मला त्या लाल बटणाच्या दिवसाची सायकल आठवली, सगळं आठवलं. आणि मी काय केलं? भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"वेळ सुरू झालाय, मामा," मी म्हणालो.

ते आणखी थोडा वेळ थांबले. मग मान हलवली, खिशातून ब्रश आणि खोडरबर काढून टेबलावर ठेवलं, मशीन आपल्याकडं वळवून घेतलं. आणि समोरच्यानं खरं सांगितलेलं नसताना दादारावमामांनी पेचकस उचललेला मी बघितला तो तेवढा एकदाच.